दोन थेंबांमागची फेरी



आजचा विषय तरुणांनी सुचवला आहे. लहान मुलांच्या लसीकरणासाठी आणि गावातल्या विकासकामासाठी स्वयंसेवक म्हणून परदेशी जावं का? आपली मुलं आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात दोन-तीन आठवडे राबायला जायचं म्हणतात, तिकिटाचे पैसे स्वतः जमवतात, याचं मला मनापासून कौतुक आहे. पण हा प्रश्न आपल्याला दुसऱ्या बाजूनेही ठाऊक असायला हवा. कारण अशी माणसं वर्षानुवर्षं आपल्याच दारी येत होती.

1985 मध्ये रोटरीने जगातून पोलिओ घालवायचा विडा उचलला. 1988 मध्ये जागतिक आरोग्य सभेने तसा ठराव केला, तेव्हा 125 देशांत पोलिओ ठाण मांडून होता आणि दरवर्षी अंदाजे साडेतीन लाख मुलांना लुळं करत होता. आपल्याकडे 1995 मध्ये पल्स पोलिओ देशभर सुरू झाला. मग अमेरिका, युरोप, जपानमधले रोटरीचे सदस्य स्वखर्चाने येऊन बूथवर उभे राहू लागले. डोस पाजायचे, जमलं तर एखाद्या गावात शाळेच्या किंवा पाण्याच्या कामाला हात लावायचा आणि परतायचं. परत गेल्यावर ते पाहिलेलं सांगत, त्यातून मोहिमेला पैसा मिळे. हे ऋण मोठं आहे. 2009 मध्ये देशात पोलिओचे 741 रुग्ण होते, 2010 मध्ये 42. शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

आता या यशातला कोणाचा वाटा किती, तेही पाहू. पाहुणा रविवारी बूथवर असे. सोमवारपासून घरोघर फिरायची ती अंगणवाडी सेविका, आणि 2005 नंतर आशाताई. तिच्याबरोबर एकदा फेरी मारून बघा. खांद्याला लसीचा डबा, आत बर्फाचे चार पॅक. कुपी हातात घेतली की ती आधी लेबलवरची खूण बघते. वर्तुळाच्या आतला चौकोन वर्तुळाइतकाच गडद झाला असेल, तर लस उष्णतेने वाया गेली, ती वापरायची नाही. दोन थेंब पाजले की डाव्या करंगळीला मार्करची शाई. घरातलं प्रत्येक मूल झालं तर दारावर खडूने ‘पी’, एखादं राहिलं तर फुली. त्या फुलीच्या घरी ती पुन्हा जाते. आई कुठे कामाला जाते, किती वाजता परतते, आजी का नाही म्हणते, हे तिला माहीत असतं. पाहुण्याला कितीही कळकळ असली तरी हे कळत नाही.

थेंब पाजण्यात काय मोठंसं, असं वाटत असेल तर 31 जानेवारी 2021 आठवा. यवतमाळ जिल्ह्यात डोसऐवजी 12 मुलांना सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं बचावली. नेहमीच्या कर्मचाऱ्यांच्या हातून असं होऊ शकतं, तर चार दिवसांच्या पाहुण्याने किती जपायला हवं!

बाहेरून आलेल्या माणसाने काय करावं, याचे दाखले आपल्याकडेच आहेत. प्लेगच्या काळात मुंबईत लस तयार करणारे हाफकिन परदेशीच. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची संस्था आज त्यांच्याच नावाने उभी आहे, आणि हाफकिनच्या नावाने पोलिओचे डोसही बनले. आपल्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. पथकातले सहकारी परतले, कोटणीस राहिले, तिथली भाषा शिकले आणि 1942 मध्ये तिथेच निवर्तले.

आणि जामखेड! डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकले आणि 1970 मध्ये नगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी भागात आले. लोकांनी औषध मागितलं नाही. पाणी मागितलं, धान्य मागितलं. मग आधी पाणी. हातपंप दलित वस्तीत बसले, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाने तिथे यायचं. आणि लस, बाळंतपण, कुपोषण हे सारं ज्यांच्या हाती सोपवलं, त्या गावातल्याच बाया होत्या, बहुतेक निरक्षर. पुढे देशोदेशीचे डॉक्टर या बायांकडून शिकायला जामखेडला आले. गावाचा विकास आणि मुलाची लस ही दोन कामं नाहीत, हे मला जामखेडइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

आता आपल्या कळंबोलीकडे येऊ. इथे लोखंडबाजार आहे, एक्सप्रेसवेचं तोंड आहे, रोज नव्या इमारती उठतात. कामाला येणारं कुटुंब एका साइटवरून दुसरीकडे जातं आणि मुलाचं लसीकरणाचं कार्ड मागच्या झोपडीत राहतं. रायगडातली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. बाळाला नऊ महिने पुरे होतात ते भट्टीवर. पाड्याच्या यादीत नाव आहे पण मूल नाही, भट्टीवर मूल आहे पण यादीत नाव नाही. नऊ महिन्यांना द्यायचा गोवर-रुबेलाचा पहिला डोस असा हुकतो. गोवर अशी पोकळी बरोबर शोधतो; 2022 मध्ये तो मुंबईतल्या गोवंडीत उसळला, इथून तासाभराच्या अंतरावर.

तेव्हा मुलांनो, परदेशी जरूर जा. पण त्याआधी एक हंगाम इथल्या आशाताईंच्या हाताखाली काढा. लस आपण टोचायची नाही, ते एएनएम ताईंचं, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेचं काम. आपण यादी करायची : मुलाचं नाव, वय, मूळ पाडा, कार्ड आहे का, पुढचा डोस कधी, मुकादमाचा फोन. कुटुंब परतण्याआधी ती यादी मूळ गावच्या उपकेंद्रात पोचती करायची. अजून महिना-दीड महिना भट्ट्या पेटत्या असतील. दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. ज्यांना रविवारची सकाळ देता येईल, त्यांनी जाताना नाव आणि नंबर लिहून जावं.