माळाला ओळखणारे डोळे

लांबून आलेले संशोधक आणि थेट माळावरून आलेल्या मेंढपाळ बंधू-भगिनींनो,

ड्रोननं टिपलेल्या चित्रांतून, मशीन लर्निंगच्या मदतीनं गवताळ माळावरचं तण शोधायचं, हा आपला विषय. त्याची चर्चा इथं सोलापुरात व्हावी हे मला फार योग्य वाटतं. जवळच नान्नजला १९७९ सालचं माळढोक अभयारण्य आहे, आणि आमचे कितीतरी माळ कागदोपत्री अजून ‘पडीक’च आहेत.

या माळांचा मोठा वैरी म्हणजे गाजरगवत. १९५०च्या दशकात ते पुण्यात नजरेत आलं आणि बघता बघता देशभर पसरलं. एकेका झाडाला हजारोंनी बी. मेंढरं त्याला तोंड लावत नाहीत, उपटणाऱ्याच्या अंगाला खाज सुटते. पांढरं फुललं की ते ड्रोनला सहज सापडतं, पण तोवर उशीर झालेला असतो. धरायचं ते रोप जमिनीलगत गाजराच्या पाल्यासारखं पसरलेलं असताना, गवतानं झाकायच्या आत. त्यासाठी ड्रोन बराच खालून न्यावा लागतो. नेमकं तेव्हाच वारं सुटलेलं असतं, ढगांच्या सावल्या पळत असतात आणि टिटवीसारखी पाखरं जमिनीवर अंडी उबवत असतात.

शेतात ओळीबाहेरचं हिरवं ते तण, असं यंत्राला शिकवता येतं. माळाला ओळी नसतात. मारवेल, पवना, कुसळी यांच्यामध्ये तरवड असतो, रानवेली असतात. गवत नाही म्हणून ते तण ठरत नाही. यंत्राला शिकवण्यासाठी चित्रावर ‘हे तण’ अशी पहिली खूण करणारा चुकला, तर यंत्र तीच चूक माळभर करत जाणार, आणि त्यावर विसंबून फवारणी झाली तर तरवडही जाणार. म्हणून खुणा करायला आमच्या धनगर मंडळींना सोबत बसवा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

परवा एका आजोबांना लॅपटॉपवर माळाचं चित्र दाखवलं. त्यांनी एका फिकट डागावर बोट ठेवलं. “हितं गेल्या साली मेंढरं बसवली व्हती. हितं गाजरगवत येणारच.” जाऊन पाहिलं, तर नखाएवढी रोपं होती.

ते आजोबा आज पहिल्या रांगेत आहेत, उद्या शिवारफेरीलाही येतील. बस सकाळी सहाला निघेल. भाकरी आणि शेंगाचटणीची सोय माळावरच आहे. पायात बूट मात्र घाला, कुसळं फार टोचतात.