सत्तरांपैकी एकोणसत्तर



आमचा जन्म पगारपत्रके वाचण्यात गेला. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशी, लेबर कोर्टाच्या पायऱ्यांवर आणि युनियनच्या कचेरीतल्या एका मोडक्या कपाटातील पुस्तकांवर झाले. अशा माणसाने प्लॅटिनमच्या नाण्याची किंमत कशी ठरते यावर बोलावे, याचे कोणाला हसू आले तर आम्ही राग मानणार नाही. आम्हांलाही प्रथम हसूच आले होते.

झाले असे की, आमच्या एका दिवंगत सभासदाची पत्नी एके दिवशी कचेरीत आली. पदराच्या गाठीतून तिने प्लास्टिकची एक सीलबंद चपटी डबी काढली. आत एक पांढरेशुभ्र नाणे. अमेरिकेत असलेल्या भावाने पूर्वी कधी तरी भेट दिलेले. नातीची कॉलेजची फी भरायची होती. सराफाने डबी उलटीसुलटी करून परत दिली होती. वर चिठ्ठीवर आकडा होता : एमएस ६९. बाई म्हणाली, "दादा, सत्तरांपैकी एकोणसत्तर मार्क आहेत म्हणे. मग किंमत मोठीच असेल ना?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही जे शिकलो, ते आज आपल्यापुढे मांडतो.

नाणे होते 'अमेरिकन प्लॅटिनम ईगल', १९९८ सालचे, एक औंसाचे. अमेरिकेच्या टांकसाळीने ही नाणी १९९७ पासून काढली. एका बाजूस स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, दुसऱ्या बाजूस उडता गरुड. वर छापील किंमत १०० डॉलर. पण ती कोणी मनावर घेत नाही, कारण आतल्या धातूचीच किंमत त्याहून कितीतरी अधिक. शुद्धता हजारात ९९९.५. हा औंस म्हणजे सराफी औंस, ३१.१०३५ ग्रॅमचा, जुन्या तोळ्याने पावणेतीन तोळ्यांना थोडे कमी.

आता या नाण्याची किंमत आम्ही पगारपत्रकासारखी वाचतो. पहिली ओळ मूळ पगाराची : धातू. औंसाचा त्या दिवसाचा जागतिक भाव गुणिले नाण्यातले औंस. समजा, भाव १,००० डॉलर आहे. तर एक औंसाच्या नाण्यात १,००० डॉलरचा धातू. पण हा मूळ पगार स्थिर नाही. २००८ च्या आरंभी दक्षिण आफ्रिकेत विजेचा तुटवडा पडून खाणी काही दिवस बंद राहिल्या आणि मार्च महिन्यात भाव औंसाला २,२०० डॉलरांच्या वर गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस जगभर मंदी आली, मोटारींचा खप घसरला, आणि तोच भाव १,००० च्या खाली आला. मोटारींच्या धुराड्यात धूर शुद्ध करण्यासाठी हा धातू लागतो. म्हणून मोटारीला सर्दी झाली की प्लॅटिनमला ताप येतो.

दुसरी ओळ घडणावळीची. टांकसाळीचा खर्च आणि व्यापाऱ्याचा नफा. घेताना ही रक्कम द्यावी लागते. विकताना मात्र ती बहुधा हाती येत नाही, उलट व्यापारी धातूच्या भावातूनही थोडे कापतो. सराफकट्ट्यावर दागिना मोडायला गेलेल्या प्रत्येक गृहिणीला हे शिकवायला नको.

तिसरी ओळ त्या आकड्याची, म्हणजे ग्रेडची. विल्यम शेल्डन नावाच्या एका अमेरिकन संग्राहकाने १९४९ साली जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी श्रेणी बसवली. त्याची कल्पना सरळ होती. नाण्याची पायाभूत किंमत एक डॉलर असेल, तर ७० श्रेणीच्या नाण्याची किंमत सत्तर डॉलर. बाजाराने हे गणित लवकरच मोडून टाकले. आकडे मात्र राहिले. पुढे १९८६ आणि १९८७ मध्ये पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था कामाला लागल्या. त्या नाणे तपासतात, श्रेणी देतात आणि डबीत सीलबंद करतात.

येथे बाईची समजूत चुकत होती, आणि आमचीही चुकत होती. ७० म्हणजे पाचपट मोठे करून पाहिले तरी टांकसाळीतून निघाल्यानंतरचा एकही डाग नाही. ६९ म्हणजे साध्या नजरेला न दिसणारे काहीतरी. दोनशे वर्षे हातोहात फिरलेल्या सेंटाला ६९ मिळणे हा चमत्कार; पण टांकसाळीतून निघून थेट वेष्टनात गेलेल्या नाण्याला ६९ मिळणे ही नेहमीची गोष्ट. ज्या वर्गात जवळजवळ सारीच मुले एकोणसत्तर मिळवतात, तेथे एकोणसत्तराचे कौतुक कोण करणार? त्यात १९९८ ची ही नाणी १,३३,००२ निघाली. या मालिकेत हा आकडा मोठा. म्हणून ग्रेडवर जाण्याआधी दोन गोष्टी पाहाव्या : नाणी किती निघाली, आणि त्याच श्रेणीची किती नोंदली गेली. या नोंदी त्या संस्था प्रसिद्ध करतात. आणि आजचा हा आकडा उद्या वाढू शकतो, कारण लोकांच्या कपाटांत न तपासलेली नाणी अजून पडून आहेत.

तरी डबी निरुपयोगी नव्हे. ती नाणे खरे असल्याची साक्ष देते, आणि तिच्यावरचा क्रमांक संस्थेच्या नोंदीशी ताडून पाहता येतो. तो ताडावाच, कारण खोटी नाणी निघतात तशा खोट्या डब्याही निघतात. सुटे नाणे असेल तर वजन आणि माप घ्यावे. प्लॅटिनमची घनता २१.४५, चांदीची १०.५. त्याच मापाची खोटी चांदी तराजूवर निम्मीच भरेल. मात्र वजनासाठी डबी फोडू नये. डबी फुटली की श्रेणीही गेली.

बाईला आम्ही हे सारे सांगितले : धातूचा भाव धरा, वर फार तर थोडे. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे एकोणसत्तर मिळवूनही नापासच की हो!" पुढे तिच्या भाच्याने नाणे अमेरिकेत विकले. धातूच्या भावाहून किंचित कमी मिळाले. फीचा एक हप्ता भागला, दुसऱ्यासाठी युनियनच्या कल्याण निधीतून उसने दिले.

पगारपत्रकात आणखी एक ओळ असते, ती कोणी छापत नाही. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी सुमारे सत्तर टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येते. तेथे मारिकाना येथे लॉनमिन कंपनीच्या खाणीत खडक फोडणाऱ्या कामगारांनी २०१२ साली महिना १२,५०० रँड मागितले. १६ ऑगस्टला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चौतीस माणसे पडली. २०१४ साली त्याच मागणीसाठी त्या पट्ट्यातले सुमारे सत्तर हजार कामगार पाच महिने संपावर होते. आणि भाव? म्हणण्यासारखा उसळला नाही. जमिनीवर साठे होते. आमच्या बाईच्या नाण्यातला धातू कोणत्या खाणीतला होता, हे आम्हांला ठाऊक नाही. डबीवरची चिठ्ठी ते सांगत नाही. सूक्ष्म ओरखडा शोधायला भिंग आहे. तो दगड फोडणाऱ्या हाताला श्रेणी नाही.

म्हणून आपल्या घरी असे नाणे आले, तर आधी धातू मोजा, मग संख्या पाहा, मग श्रेणी, आणि शेवटी विकत घेणारा हातात किती ठेवतो ते पाहा. चिठ्ठीवरच्या आकड्याला भुलू नका. आणि नाणे हातात धरून एक क्षण तरी विचार करा की हे जमिनीखालून वर कोणी आणले.