अक्षराआधी हात



आमच्या कसबा बावड्यात सकाळी फेरी मारली, तर तीन-साडेतीन वर्षांची मुले पाठीला दप्तर लावून निघालेली दिसतात. दप्तरात वही, पेन्सिल आणि 'अ' गिरवून आणायची दोन पाने! पालकांना याचे मोठे कौतुक वाटते. मलाही वाटत असे. म्हणून आधी माझीच चूक सांगतो.

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना मी त्याला रोज संध्याकाळी कित्ता गिरवायला बसवीत असे. तो पेन्सिल मुठीत धरी, रेघ वाकडी जाई, आणि मी त्याचा हात धरून ती सरळ ओढी. पंधरा दिवसांत अशी पाळी आली, की वही दिसताच तो दोन्ही हात पाठीमागे लपवू लागला. माझी आई सोप्यात शेंगा फोडीत बसली होती. ती म्हणाली, "आरं, त्येच्या बोटांत अजून जोर न्हाई. आधी शेंगा फोडू दे, मग अक्षरं काढू दे." मी एम. ए. झालेला, पण बोलणे तिचे खरे होते.

खरे का, ते पाहू. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेची, म्हणजे मऊ असतात आणि पुढे वर्षानुवर्षे एकेक करून पक्की होत जातात. हातावरचा ताबाही वरून खाली येतो: आधी खांदा, मग कोपर, मग मनगट आणि सर्वांत शेवटी बोटे. तीन वर्षांचे मूल पेन्सिल मुठीत धरते, तो त्याचा हट्ट नव्हे. त्याच्या वाढीची ती एक पायरी आहे. अंगठा आणि दोन बोटे यांच्या चिमटीत पेन्सिल स्थिरावते ती बहुधा पाचव्या-सहाव्या वर्षाच्या सुमारास.

आपल्या जुन्या पंतोजींची धूळपाटी आठवा. पाटीवर धूळ पसरायची आणि बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे. चुकले तर हात फिरवला की पाटी कोरी! १९०७ साली रोममध्ये डॉ. मारिया माँटेसरी यांनी बालगृह काढले. तेथे मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटे फिरवीत, आणि अक्षराचे वळण आधी बोटांना कळे. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम सुरू केले. महागडी साधने बाजूला ठेवून त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने हाती घेतली. ती तर आपल्या दारातच आहेत!

तेव्हा घरी काय करावे? कणकेचा गोळा मळायला द्या. शेंगा फोडू द्या, मटारच्या शेंगा सोलू द्या, फुले ओवू द्या. पोळ्याच्या आधी मातीचे बैल करू द्या. ओला फडका पिळू द्या, अंगरख्याची बटणे त्याची त्यालाच लावू द्या. मात्र दाणे आणि बिया नाका-तोंडात जातात. जवळ मोठे माणूस हवेच. मोबाइलच्या काचेवर बोट फिरवून या कामांचा जोर येत नाही.

अंगणवाडीच्या ताईंना आणि गुरुजींना एक विनंती. आधी भिंतीवर किंवा फरशीवर खडूने मोठ्या रेघा, गोल, अर्धगोल काढून घ्या. मग अक्षरे. तीही 'अ' पासूनच हवीत असे नाही; 'अ' ला वळणे फार. ग, म, भ, न ही एका कुळातली अक्षरे आधी घ्यावीत. सराव थोडा, पण रोजचा असावा. हात दुखेपर्यंत नसावा.

ज्यांचा जन्म याच बावड्यात १८७४ साली झाला, त्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. ती सक्ती आईबापांवर होती, लेकरांच्या बोटांवर नव्हे. एवढे आपण ध्यानात ठेवू या.

आणि माझा मुलगा? वही मी कपाटात ठेवून दिली. तो आज्जीजवळ शेंगा फोडू लागला, मातीत खेळू लागला. सहावे लागले तेव्हा एके दिवशी अंगणातल्या ओल्या मातीत काडीने त्याने आपले नाव लिहिले आणि मला हात धरून दाखवायला नेले.