कोठ्याची तयारी आणि कामगाराची सकाळ



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आपण थोर थोर विषय ऐकत आला आहात. आमचा विषय वाचून काहींनी नाके मुरडली असतील. ओटीपोटाच्या तपासणीपूर्वी आणि किरणोपचारापूर्वी कोठा साफ कसा ठेवावा, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? आम्ही डॉक्टर नव्हे. शाळेची पायरी आम्ही लवकर उतरलो. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि रुग्णालयांच्या बाकांवर झाले. कामगारांच्या तक्रारींबरोबर त्यांची आजारपणेही वर्षानुवर्षे आमच्याकडे येत राहिली. त्यांतून एवढे कळले, की चारचौघांत ज्याचा उच्चार करायला माणूस लाजतो, त्याच्यापायी गरिबाचा औषधोपचार अडतो.

ओटीपोट म्हणजे चाळीतली लहानशी खोली समजा. तिच्यात तीन बिऱ्हाडे. पुढे मूत्राशय, मागे मलाशय, आणि मध्ये बाईचे गर्भाशय किंवा पुरुषाची प्रोस्टेट ग्रंथी. भिंती हाडांच्या, त्या हलत नाहीत. मग मागचे बिऱ्हाड मळाने किंवा वायूने फुगले, की मधल्याला सरकावे लागते. प्रोस्टेट कधी कधी सेंटिमीटरभर सरकते. गर्भाशय त्याहूनही अधिक.

आमची माणसे किरणोपचाराला ‘शेक’ म्हणतात. शब्द घरगुती आहे, पण फसवा आहे. शेक म्हटले की वाटते, फडके थोडे इकडे-तिकडे झाले तरी बिघडत नाही. येथे तसे नसते. आमच्या टर्नर-फिटर मित्रांना हे चटकन कळेल. मशीन उत्तम, हत्यार धारदार, माप बरोबर. पण चकमध्ये जॉब हलला तर काम फुकट. येथे जॉब म्हणजे माणसाच्या पोटातली गाठ.

उपचारापूर्वी एक दिवस सी. टी. स्कॅन काढतात. त्या चित्रावर डॉक्टर नेम धरतात आणि कातडीवर बारीक खुणा करतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून दिले जाणारे किरण आठवड्यातून पाच दिवस, सुमारे पाच आठवडे चालतात. म्हणजे एका दिवसाचे चित्र आणि पंचवीस दिवसांचे काम! चित्राच्याच दिवशी मलाशय फुगलेले असेल, तर ती चूक एका दिवसाची राहत नाही; ती रोज होते. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील 127 प्रोस्टेट-रुग्णांचा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. नियोजनाच्या स्कॅनमध्ये ज्यांचे मलाशय फुगलेले होते, त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण अधिक दिसले. आता अनेक ठिकाणी उपचाराच्या टेबलावरच चित्र घेऊन नेम तपासतात. त्यामुळे धोका कमी झाला. पण कोठा भरलेला दिसला, तर रुग्णाला उठवून पुन्हा शौचाला पाठवावेच लागते.

दुसरा दाखला आपल्या घरचा आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या 300 स्त्रियांवर मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने केलेली चाचणी 2021 साली प्रसिद्ध झाली. जुन्या पद्धतीच्या किरणोपचारानंतर तीन वर्षांत शेकडा 42 जणींना आतड्याचा मध्यम किंवा तीव्र त्रास झाला. रोज चित्र पाहून नेमके दिलेल्या किरणांनी हे प्रमाण शेकडा 21 वर आले. निम्मा त्रास वाचला! पण किरणांची धार जितकी बारीक, तितका जॉब जागेवर असला पाहिजे.

आता तयारी कशी करावी? रुग्णालयागणिक रीत वेगळी असते. आपल्या डॉक्टरांनी सांगितलेलीच पाळावी. बहुधा काही दिवस आधीपासून वातूळ पदार्थ, म्हणजे वाल, हरभरा, राजमा, कोबी, कमी करायला सांगतात. बद्धकोष्ठ असेल तर सौम्य रेचक देतात; कोठे कोठे लहानसा एनिमा देतात. जमालगोट्यासारखे जालीम जुलाब आपल्या मनाने मुळीच घेऊ नयेत. त्यांनी अंगातले पाणी जाते आणि आतडे खवळते. आणि उपचार निम्म्यावर आल्यावर किरणांमुळेच पातळ जुलाब सुरू झाले, तर रेचक चालू न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. कोठा रिकामा, पण मूत्राशय बहुधा भरलेले लागते; भरलेले मूत्राशय लहान आतड्याला किरणांच्या वाटेतून वर उचलते. म्हणून लघवी करून, नेमून दिलेले पाणी, पुष्कळदा अर्धा लिटर, पिऊन ठरावीक वेळ बसवतात. एम. आर. आय. साठी काही तास उपाशी ठेवतात आणि आतड्याची हालचाल थांबावी म्हणून कधी इंजेक्शन देतात.

इतके सोपे, मग अडते कोठे? अडते सकाळी. चाळीच्या सामाईक संडासापुढे रांग असते, नळाला पाणी ठरल्या वेळी येते आणि सातच्या पाळीला पोचायचे असते. रस्त्यावर भाजी विकणाऱ्या किंवा घरकाम करणाऱ्या बाईला दिवसभर शौचालयच मिळत नाही, म्हणून ती पाणी पीत नाही. पाण्यावाचून मळ घट्ट होतो. शौच दाबून ठेवण्याची सवय लागते. अशा बाईला आपण एके दिवशी सांगतो, ‘कोठा साफ करून, भरपूर पाणी पिऊन या!’

आमच्या एका सभासदाला, पहारेकऱ्याचे काम करणाऱ्या गृहस्थाला, एका रुग्णालयाने नियोजनाच्या स्कॅनवरून दोनदा परत पाठवले. कारण एकच, कोठा भरलेला. दोन दिवसांचा रोज बुडाला, भाडे गेले, उपचार लांबला. सूचनांचा कागद इंग्रजीत होता. तिसऱ्या वेळी तेथल्या एका परिचारिकेने पाच मिनिटे बसून मराठीत समजावले आणि काम झाले. ती पाच मिनिटे आम्ही औषधातच धरतो.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. सूचना मराठीत, चित्रांसह द्याव्यात आणि तोंडीही सांगाव्यात. किरणोपचाराच्या विभागाबाहेर पुरेसे, स्वच्छ, पाण्याचे संडास असावेत. मालकांनी उपचाराच्या दिवसांत पाळी बदलून द्यावी. राज्य कामगार विमा योजनेत, अटी पूर्ण करणाऱ्या कामगाराला कर्करोगासारख्या दीर्घ आजारात वेतनाच्या 80 टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. हे कितीजणांना ठाऊक आहे? प्रत्येक युनियनने हे अर्ज भरून देणारा एक माणूस नेमावा. ज्यांना ही योजनाच लागू नाही, त्या भाजीवालीचे आणि मोलकरणीचे काय, हा प्रश्न आम्ही आपल्यापुढे उघडाच ठेवतो.

आणि आपल्याकडे, श्रोत्यांकडे, एकच मागणे. शेजारच्या खोलीतले कोणी उपचाराला जात असेल, तर त्या पाच आठवड्यांत सकाळच्या रांगेत त्यांना पहिला नंबर द्या. त्यासाठी ना कायदा लागतो, ना पैसा.