नायदर आणि नॉर : एकच नकार पुरे



इंग्रजी व्याकरणाचे नाव काढले की मुले धास्तावतात आणि घरात इंग्रजी जाणणारे कोणी नसले की पालकही हात टेकतात. आज मी ‘नायदर’ आणि ‘नॉर’ या नकाराच्या जोडीविषयी बोलणार आहे. या जोडीचे वळण आपल्या घरच्या बोलीत आधीपासून आहे. म्हणून इंग्रजी न शिकलेले आईवडीलही येथे आपल्या पाल्याला मदत करू शकतात, हेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम हमखास होणारी चूक पाहू. ‘तो चहाही पीत नाही आणि कॉफीही पीत नाही’ याचे इंग्रजी पुष्कळ विद्यार्थी असे करतात : ‘ही डज नॉट ड्रिंक नायदर टी नॉर कॉफी.’ मराठीतला ‘नाही’ मनात घोळत असतो, म्हणून ‘नॉट’ आपोआप येतो. पण ‘नायदर’च्या पोटातच नकार आहे. शुद्ध वाक्य असे : ‘ही ड्रिंक्स नायदर टी नॉर कॉफी.’ ‘नॉट’ ठेवावयाचाच असेल तर जोडी बदलावी : ‘ही डज नॉट ड्रिंक आयदर टी ऑर कॉफी.’

आता आपली बोली आठवा. उर्दू बोलणाऱ्या घरात म्हणतात, ‘ना चाय पीता है, ना कॉफी.’ मराठीत आपण म्हणतो, ‘ना घरचा ना घाटाचा.’ येथे शेवटी आणखी एक ‘नहीं’ किंवा ‘नाही’ कोणी जोडतो काय? मुळीच नाही. ‘नायदर-नॉर’चा नियम नेमका हाच आहे.

कोणी विचारील, चॉसर आणि शेक्सपियर यांच्या लेखनात तर दुहेरी नकार सापडतात, मग आपल्यालाच बंधन का? त्यांच्या काळी ते चालत असे. रॉबर्ट लाउथ यांचे व्याकरण १७६२ साली प्रसिद्ध झाले. त्या शतकातील व्याकरणकारांनी दोन नकारांचा एक होकार होतो हा नियम रुजवला आणि लेखी इंग्रजीत तो आजही पाळला जातो.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, जागा. ‘ही नायदर स्पीक्स उर्दू नॉर मराठी’ असे लिहू नये. ज्या दोन शब्दांचा नकार करावयाचा, त्यांच्या लगत जोडी बसवावी : ‘ही स्पीक्स नायदर उर्दू नॉर मराठी.’ दुसरी, क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालते : ‘नायदर द टीचर नॉर द बॉइज वेअर प्रेझेंट’, पण ‘नायदर द बॉइज नॉर द टीचर वॉज प्रेझेंट.’ तिसरी, ‘नॉर’ने नवे वाक्य जोडले की साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते : ‘ही डिड नॉट कम, नॉर डिड ही राइट.’

हा प्रश्न केवळ परीक्षेतील एखाद्या गुणाचा नाही. समजा, शिष्यवृत्तीच्या अर्जात आपल्या मुलीला लिहावयाचे आहे की तिला दुसरी शिष्यवृत्ती मिळत नाही आणि फीमध्ये सवलतही मिळत नाही. ‘आय रिसीव्ह नायदर अ स्कॉलरशिप नॉर अ फी कन्सेशन’ हे वाक्य स्वच्छ आहे. त्यात एक ‘नॉट’ जास्त पडला, तर काटेकोर वाचणाऱ्याच्या मनात शंका उभी राहते. अर्जदार तेथे खुलासा करावयास हजर नसतो. त्याच्या वतीने त्याचे वाक्यच बोलत असते.

तेव्हा पालकांनो, रात्री जेवणे आटोपल्यावर मुलांना ‘ना-ना’ची पाच वाक्ये घरच्या बोलीत बोलावयास सांगा, मग तीच इंग्रजीत लिहावयास लावा. तुम्ही फक्त एवढेच विचारा, ‘बाळ, यात ‘नॉट’ तर आला नाही ना?’ इतक्या प्रश्नानेही मूल आपले वाक्य पुन्हा तपासून पाहील.