नांद्रुकाची पोकळी
(बैठकीतील भाषण)



पाटण-जावळीपासून खाली शिराळ्यापर्यंत आपल्या रानात नांद्रुक सगळ्यांनी पाहिलाय. वडा-पिंपळाचा भाऊबंद, बारा महिने हिरवा. पण त्याची वाढायची रीत उलटी. बाकीची झाडं जमिनीतनं वर जातात. नांद्रुक बऱ्याचदा वरनं खाली येतो. पाखरू फळ खातं, जांभळाच्या बेचक्यात शिटतं, बी तिथंच रुजतं. आधी नुसती चार पानं. मग सुतळीसारखी मुळं बुंध्यावरनं खाली सुटतात. ती मातीला टेकली की झाड जोर धरतं. मुळं जाड होतात, एकमेकांत जुळतात, बुंध्याला विळखा पडतो. वर पानं ऊन अडवतात, खाली मुळं पाणी ओढतात. कित्येक वर्षांनी आतलं झाड वाळतं, कुजून जातं. उभा राहतो एकटा नांद्रुक.

पण वाकून आत बघा. मधे पोकळी असते. आधी इथं कोण उभं होतं, ते ती पोकळी सांगते.

१९८५ साली कोयना आणि चांदोली ही अभयारण्यं जाहीर झाली. कागद वरनं आला. धरणानं एकदा उठवलेल्या माणसांना ही रीत सांगायला नको. कागदावर रान दिसतं, वाडी दिसत नाही. पण वाडीच्या खुणा जमिनीवर आहेत: घराचं जोतं, पाणवठा, देवाचा दगड, शेताच्या ताली, आजानं लावलेला फणस.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा काय म्हणतो? कलेक्टरनं गावोगाव मराठीतनं जाहीरनामा लावायचा. त्यापासून दोन महिन्यांत हक्कदारानं लेखी दावा द्यायचा. आणि कलम २२ नीट ऐका. दावा आला नसला तरी सरकारी दप्तर आणि माहीतगार माणसाची साक्ष यांवरनं हक्काची चौकशी कलेक्टरनं करायची आहे. म्हणजे सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून कातकऱ्यानं, गवळी धनगरानं गप्प बसायचं कारण नाही. म्हाताऱ्या माणसाचं सांगणं हाही पुरावाच.

नांद्रुकावर मात्र राग धरू नका. त्याच्या फळांवर हरियल, धनेश जगतात. त्याला कुऱ्हाड लावायची नाही. आपलं भांडण रानाशी नाही.

काम एवढंच: प्रत्येक वाडीनं खुणांची यादी करायची. कुठली खूण, कुणाची, कुणाच्या आजा-पणज्यापासनं. म्हाताऱ्यांचं सांगणं लिहून घ्या, अंगठे घ्या. अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय कचेरीतनं हलू नका. पुढच्या बैठकीला यादी घेऊनच या.