एका वेलांटीचा वाद



आज एका जुन्या वादाची हकीकत सांगायची आहे. वाद ख्रिस्ती धर्मातला, पण तो पंडितांपाशी न राहता थेट बाजारात उतरला. इ. स. ३८० नंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. न्यिसाचे बिशप ग्रेगरी कॉन्स्टँटिनोपल शहराविषयी वैतागून सांगतात की, पावाचा भाव विचारावा तर उत्तर येतं, पिता थोर आणि पुत्र त्याहून उणा. न्हाणीचं पाणी तापलं का म्हणावं, तर ऐकायला मिळतं की पुत्र शून्यातून घडला!

याचं मूळ मिसर देशातल्या अलेक्झांड्रिया बंदरात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच, अशी ख्रिस्ती श्रद्धा. (आपल्या त्रिमूर्तीशी तिची सांगड घालण्याचा मोह होतो, तो आवरलेला बरा, तिथला हिशेब निराळा आहे.) इ. स. ३१८ च्या सुमारास एरियस नावाच्या तिथल्या धर्मगुरूनं प्रश्न काढला. देव एक आणि अनादि. मग ज्याला पुत्र म्हणायचं, त्याला आरंभ नको का? पुत्र सगळ्या सृष्टीच्या आधीचा खरा, पण तोही निर्माण केलेलाच. शाळेतल्या पोरालाही पटावा असा हा तर्क. एरियसनं हे विचार पद्यात घातले. खलाशांनी, दळण दळणाऱ्यांनी, वाटसरूंनी म्हणावीत अशी गाणीही त्यानं रचली, असं जुने इतिहासकार सांगतात.

विरुद्ध बाजूला पुढे उभे राहिले अथनेशियस. त्यांचं म्हणणं असं की, प्रश्न तर्काचा नाही, तारणाचा आहे. माणसाला देवाशी जोडायचं, तर जोडणारा स्वतः देवच हवा. जो आपल्यासारखाच घडवलेला, तो आपल्याला कुठवर नेणार? मला वाटतं, या वादातला खरा जीव इथं आहे.

सम्राट कॉन्स्टंटाइनला तत्त्वापेक्षा राज्यातल्या एकीची काळजी अधिक. त्यानं इ. स. ३२५ मध्ये निकेया इथं बिशपांची परिषद भरवली. हे गाव आज तुर्कस्तानात आहे. ‘पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे’ असं तिथं ठरलं. दोघा बिशपांनी सही नाकारली. एरियसबरोबर त्यांनाही हद्दपार केलं.

पण वाद काही मिटला नाही. पुढचे काही सम्राट दुसऱ्या बाजूला झुकले आणि अथनेशियसना पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. सारी मिळून सुमारे सतरा वर्षं. मधल्या काळात काहींनी तोड काढली, की ‘होमोऊसिओस’ म्हणजे एकतत्त्व, याऐवजी ‘होमोइऊसिओस’ म्हणजे सारख्या तत्त्वाचा, असं म्हणावं. ग्रीक लिपीत फरक एका बारीक अक्षराचा; आपण वेलांटीचा म्हणू. शुद्धलेखन तपासणाऱ्या गुरुजींना हे वेगळं सांगायला नको! अर्थ मात्र पार पालटतो.

इ. स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनं निकेयाचं मत कायम केलं. तरी गॉथ लोकांत एरियसच्या बाजूचाच धर्म पोचला होता. स्पेनमधल्या त्यांच्या राज्यानं तो इ. स. ५८९ मध्ये सोडला.

एरियसचे ग्रंथ जाळून टाकावेत, असं कॉन्स्टंटाइनचं फर्मान होतं. त्याच्या त्या पद्यरचनेच्या, ‘थालिया’च्या, ज्या थोड्या ओळी आज उरल्या आहेत, त्या मुख्यतः अथनेशियसनी खोडून काढण्यासाठी आपल्या ग्रंथात उतरून घेतल्या म्हणून.